सोयाबीनचा दाणा आणि दूरचा बाजार

ज्या पिकाचे गिऱ्हाईक पंचक्रोशीत असते त्याच्या भावाचे कारण गावाला कळते. ज्वारी महाग झाली, तर कोठे पाऊस चुकला, कोणत्या बाजूस पेरा कमी झाला, हे आठवडी बाजारात बसलेला कोणीही जाणता माणूस सांगू शकतो. परंतु ज्या पिकाचे शेवटचे गिऱ्हाईक समुद्रापलीकडे असते, त्याचा भाव का चढला आणि का उतरला हे पिकविणाऱ्यास सहसा कळत नाही. त्याला फक्त पावतीवरचा आकडा दिसतो. मग असे पीक लावणे चूक आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. दूरच्या बाजाराने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला आहे आणि रोख पैशावाचून आजचा संसार चालत नाही. पण पैसा जसा तिकडून इकडे येतो, तसे इकडचे काही तिकडे जातही असते. येणाऱ्याची नोंद आपण ठेवतो, जाणाऱ्याची ठेवीत नाही. सोयाबीनच्या निमित्ताने ही दुसरी नोंद मांडून पाहावी, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

वरणगावात सोयाबीनचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. आपला जळगाव जिल्हा कपाशीचा आणि केळीचा. परंतु वरणगावाहून मुक्ताईनगरची वाट धरून पुढे मलकापुरास गेले की बुलढाणा जिल्हा लागतो, आणि तेथून थेट अकोला, वाशीम, हिंगोली, नांदेड, लातूरपर्यंत पावसाळ्यात शिवारेच्या शिवारे सोयाबीनने हिरवी झालेली दिसतात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीला महाराष्ट्रभर जो तडाखा दिला, तेव्हापासून आणि वेचणीची मजुरी वाढत गेल्यापासून, कपाशीऐवजी दुसरे काय, हा प्रश्न आपल्याही कास्तकारापुढे दर मृगाला उभा राहतो. शेजाऱ्याच्या अनुभवाचा हिशेब पेरणीपूर्वी पाहिलेला बरा.

अन्न म्हणून आले, माल म्हणून वाढले

सोयाबीन मूळचे चीनचे. आपल्याकडे कुमाऊँच्या डोंगरात काळ्या दाण्याचे सोयाबीन 'भट' या नावाने फार पूर्वीपासून खाल्ले जाते. म्हणजे हे धान्य आपल्याला अगदीच परके नाही. महाराष्ट्रात त्याची चर्चा १९३५ च्या सुमारास वर्ध्यास झाली. मगनवाडीत महात्माजींनी आहाराचे जे प्रयोग चालविले होते त्यांत सोयाबीनचाही समावेश होता. गरिबाच्या ताटात स्वस्तात प्रथिने कशी पडतील, हा त्या प्रयोगामागचा प्रश्न होता. दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने असतात. कोणत्याही डाळीपेक्षा हे प्रमाण पुष्कळच अधिक आहे.

परंतु पुढे सोयाबीन जे पसरले ते या वाटेने नव्हे. १९६० नंतरच्या दशकात पंतनगर आणि जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील पिवळ्या दाण्याच्या जातींचे प्रयोग हाती घेतले. १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. १९७०-७१ साली साऱ्या देशात सोयाबीनखाली जेमतेम तीस हजार हेक्टर जमीन होती. आज ती सव्वा कोटी हेक्टरांच्या आसपास आहे आणि तीत महाराष्ट्राचा वाटा पन्नास लाख हेक्टरांच्या घरात आहे. पन्नास वर्षांत एखादे पीक एवढे वाढल्याचे उदाहरण आपल्या शेतीत क्वचितच सापडेल.

शेतकरी काही कोणाच्या सांगण्यावरून एवढा पेरा करीत नसतो. त्याला या पिकात सोय दिसली. जे. एस. ३३५ सारखी जात पंचाण्णव ते शंभर दिवसांत निघते. म्हणजे दसरा-दिवाळीला हातात पैसा येतो आणि जमीन हरभऱ्यासाठी मोकळी होते. कपाशीसारखी महिनोन्‌महिने वेचणी नाही. एकदा सोंगणी केली, मळणीयंत्रातून काढले की माल तयार. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र बांधून घेतात, म्हणून युरियाचा खर्च कमी. शिवाय हे पीक बव्हंशी पावसावर येते. रावेर-यावलकडे केळीने विहिरींचे पाणी किती खोल नेले हे आपण जाणतोच. सोयाबीनवर तो आरोप करता येणार नाही. हे सर्व गुण मान्य करूनच पुढे जावयास हवे.

क्विंटलचे दोन भाग

सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, पण हे नाव थोडे फसवे आहे. भुईमुगाच्या दाण्यात सुमारे पंचेचाळीस ते पन्नास टक्के तेल असते, तिळातही जवळजवळ तितकेच. म्हणून गावचा तेली आपल्या घाण्यावर ते काढू शकत असे आणि पेंड गावच्याच बैलापुढे पडत असे. आपल्या खानदेशाला या पिकांची परंपरा आहे. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने दिलेला 'फुले प्रगती' म्हणजेच जे. एल. २४ हा भुईमूग महाराष्ट्राबाहेरही गाजला. सोयाबीनच्या दाण्यात मात्र तेल अठरा-वीस टक्केच. ते घाण्याला परवडत नाही. दाणा चपटा करून, हेक्झेन नावाच्या द्रवात भिजवून, मोठ्या कारखान्यातच ते काढावे लागते. म्हणून सोयाबीन शेतातून निघाले की गावात थांबत नाही. त्याला कारखान्याची वाट धरावीच लागते.

या कारखान्यात एक क्विंटल सोयाबीन घातले तर साधारण अठरा किलो तेल आणि ऐंशी-ब्याऐंशी किलो पेंड मिळते. बहुतेक काळ कारखान्याला निम्म्याहून अधिक उत्पन्न पेंडीपासूनच होते. तेव्हा खरे पाहता सोयाबीन ही पेंडबी आहे आणि तेल हे तिचे उपउत्पादन आहे. ही पेंड म्हणजे कोंबड्यांचे आणि जनावरांचे उत्तम खाद्य. आपल्या देशात कुक्कुटपालन वाढले नव्हते तेव्हा या पेंडीला येथे फारसे गिऱ्हाईक नव्हते. ती जहाजांत भरून आग्नेय आशिया, जपान इत्यादी देशांत जाऊ लागली. त्या निर्यातीच्या जोरावर इंदूरपासून लातूरपर्यंत कारखाने उभे राहिले. आज देशातील कोंबडीखाद्यालाच पेंडीचा मोठा भाग लागतो. तरीही २०२३-२४ साली सुमारे वीस लाख टन पेंड परदेशी गेली. आपले सोयाबीन जनुकीय बदल केलेले नसते, म्हणून काही देशांत त्याला मुद्दाम मागणी आहे.

आता दुसरी बाजू पाहा. पेंड बाहेर पाठविणारा हाच देश दरवर्षी दीडशे लाख टनांच्या आसपास खाद्यतेल बाहेरून आणतो आणि त्यांत अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारे सोयाबीनचे तेलही असते. तेलाची टंचाई भागविण्यासाठी तेलबी लावली, असे आपण म्हणतो. पण जी बी लावली तिच्यात तेल थोडे आणि पेंड फार. तेलाची गरज तिच्याने भागली नाही, आणि पेंडीसाठी मात्र आपण परक्या बाजाराशी बांधले गेलो.

भाव कोठे ठरतो

परका बाजार कसा चालतो याचे एक जुने उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९७२ साली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी तापले आणि अँचोवी नावाची लहान मासळी नाहीशी झाली. या मासळीची भुकटी जगभर कोंबड्या-डुकरांना घालीत असत. ती मिळेनाशी होताच सर्वांनी सोयाबीनच्या पेंडीकडे धाव घेतली. भाव एवढे कडाडले की १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यातच थांबविली. बंदी थोडेच दिवस टिकली; पण जपानसारखा देश, ज्याच्या रोजच्या जेवणात सोयाबीन आहे, तो हादरला. केवळ अमेरिकेवर विसंबून भागणार नाही हे ओळखून त्याने ब्राझीलमधील शेतीत पैसा व तंत्र घालण्यास सुरुवात केली. आज ब्राझील एका वर्षात पंधरा कोटी टनांहून अधिक सोयाबीन पिकवितो, आणि जगातल्या सोयाबीन-व्यापारातील निम्म्याहून अधिक माल एकटा चीन घेतो. आपला देश यांच्या शेजारी उभा केला तर दीड कोटी टनांच्या आसपासचा. हेक्टरी उत्पन्नही आपले टनाच्या आगेमागे, त्यांचे तीन टनांहून वर.

लहान दुकानदाराने पेठेचा भाव ठरवावयाचा नसतो, त्याने तो स्वीकारावयाचा असतो. तशी आपली स्थिती आहे. शिकागोच्या बाजारात १९३६ पासून सोयाबीनचे वायदे होतात. ब्राझीलमध्ये पाऊस चांगला झाला, चीनने खरेदी कमी केली, की तेथला आकडा हलतो. आणि तो आकडा कारखानदाराच्या हिशेबातून, आडत्याच्या बोलीतून उतरत उतरत अखेर आपल्या बाजार समितीच्या लिलावात येऊन पोहोचतो.

त्यातच आपल्या सरकारचे धोरण मिसळते. २०२१ च्या पावसाळ्यात काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेले. ही बातमी वाचून पुष्कळांनी पेरा वाढविला. पण लक्षात घ्या, हा भाव जुलै-ऑगस्टचा होता. त्या वेळी सामान्य शेतकऱ्याच्या घरात विकायला दाणा उरलेला नव्हता. कोंबडीवाल्यांना पेंड परवडेना, तेव्हा ऑगस्टमध्ये बारा लाख टन पेंड बाहेरून आणण्याची परवानगी सरकारने दिली, आणि तीही जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव बराच खाली आलेला होता. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदेही बंद करण्यात आले.

२०२४ साली उलट चित्र दिसले. सरकारी हमीभाव ४,८९२ रुपये. दिवाळीच्या आसपास अनेक बाजारांत भाव मात्र चार हजार ते बेचाळीसशे. जगात सोयाबीन उदंड झालेले. शिवाय मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा आपल्याच देशात स्वस्तात मिळू लागल्याने कोंबडीखाद्यात पेंडीची जागा त्याने घ्यावयास सुरुवात केली होती. सप्टेंबरात तेलाच्या आयातीवरील जकात सरकारने वाढविली, तरी भाव हमीला पोहोचेना, कारण रोग तेलात नव्हता, पेंडीत होता. हमीभावाने खरेदीची केंद्रे उघडली. पण दाण्यात बारा टक्क्यांहून अधिक ओलावा चालणार नाही हा नियम आडवा आला. अखेर नोव्हेंबरमध्ये ती मर्यादा पंधरा टक्के करावी लागली. तोपर्यंत ज्यांना देणी भागवावयाची होती त्यांनी मिळेल त्या भावाने माल घातलेला होता.

याचा अर्थ एका घरापुरता काढून पाहू. पाच एकर सोयाबीन आहे आणि एकरी पाच क्विंटल उतारा पडला, असे धरू. एकूण पंचवीस क्विंटल. हमीभावाहून सातशे रुपये कमी मिळाले तर नुकसान साडेसतरा हजारांचे. पीक चांगले, कष्ट पुरे. तरी एवढी रक्कम अशा कारणांनी गेली की त्यांतले एकही कारण त्या पाच एकरांत घडलेले नव्हते.

खानदेशने हे पूर्वी पाहिले आहे

आपल्या भागाला हा अनुभव नवा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर वळली. कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले. खानदेशात कपाशीचा पेरा फोफावला. इकडचा आखूड धागा त्या गिरण्यांना मानवेना, म्हणून कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटचे बियाणे या जिल्ह्यात पसरविण्याचा मोठा खटाटोप केला. याच सुमारास लोहमार्ग भुसावळावरून वऱ्हाडात शिरला आणि १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. पण युद्ध १८६५ मध्येच संपले होते. अमेरिकेचा कापूस पुन्हा निघू लागला. मुंबईच्या पेढ्या आणि शेअरांचे मनोरे त्या वर्षी कोसळले, आणि इकडे चढ्या भावाच्या भरवशावर काढलेली कर्जे मात्र जशीच्या तशी राहिली.

या दोन गोष्टींत साठ-सत्तर नव्हे, दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. राज्य बदलले, पीक बदलले, गिऱ्हाईक बदलले. एक गोष्ट मात्र तीच राहिली. चढा भाव दूरच्या अडचणीतून जन्मतो आणि ती अडचण संपली की तो संपतो. परंतु त्या भावाकडे पाहून शेतकऱ्याने जी जमीन गुंतविली, जे कर्ज काढले, जी जुनी पिके सोडली, ती एका हंगामात परत घेता येत नाहीत.

जमिनीचा हिशेब

पैशाचा हिशेब झाला, आता जमिनीचा पाहू. सोयाबीन जमिनीला नत्र देते, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. प्रथिन म्हणजे रूपांतर झालेला नत्रच होय. एक टन सोयाबीनच्या दाण्यात सुमारे चौसष्ट किलो नत्र, सहा किलो स्फुरद आणि अठरा किलो पालाश असतो. वरच्या उदाहरणातील पंचवीस क्विंटल घरातून गेले म्हणजे एकशे साठ किलो नत्र गेला. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या सुमारे आठ पोत्यांइतका. यातला अर्ध्याहून अधिक नत्र झाडाने हवेतून मिळविलेला असतो, हे त्याचे श्रेय. पण उरलेला जमिनीतूनच गेला. गाठींनी जे कमावले ते बव्हंशी दाण्याबरोबर बाहेर पडते. मागे राहतात ती गळलेली पाने आणि मुळे. स्फुरद आणि पालाश तर हवेतून येतच नाहीत. पालाशयुक्त खत आपला देश जवळजवळ सर्वच बाहेरून आणतो. म्हणजे पेंडीबरोबर पालाश समुद्रापार पाठवावयाचा आणि तोच पैसे मोजून पुन्हा आणावयाचा, असा हा व्यवहार आहे. पेंड गावातल्या गोठ्यात खपली असती तर शेणातून त्यातला पुष्कळसा भाग शेताकडे परतला असता.

गोठ्यावरून दुसरी गोष्ट निघते. सोयाबीनने जी जमीन व्यापली ती पूर्वी रिकामी नव्हती. तेथे खरीप ज्वारी होती, मूग होता, उडीद होता. ज्वारी माणसाला भाकर देई आणि गुरांना कडबा. आपल्याकडे दादरच्या कडब्याची किंमत कोणाला सांगावयास नको. सोयाबीनचे कुटार जनावर खाते, पण कडब्याची सर त्याला नाही. ज्वारी गेली तेथे कडबा विकत घ्यावा लागतो. तो परवडला नाही की बैलजोडी विकली जाते. बैल गेले की शेणखत जाते. आणि शेणखत गेले की काळ्या जमिनीचा जीव कमी होतो. मूग-उडीद कमी झाले म्हणून घरची डाळ दुकानातून येऊ लागली. हे सारे नुकसान सोयाबीनच्या खर्चात कोणी लिहीत नाही.

एकाच शिवारात वर्षानुवर्षे एकच पीक राहिले की किडींनाही घर मिळते. खोडमाशी, चक्री भुंगा, पाने खाणारी अळी आणि पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा पिवळा मोझॅक यांनी सोयाबीनच्या प्रदेशात ठाण मांडले आहे. त्याबरोबर फवारण्या वाढल्या. निंदणीच्या बायांची जागा तणनाशकाने घेतली. ज्या पिकाची कीर्ती कमी खर्चाचे म्हणून झाली त्याचा खर्च असा हळूहळू वाढत गेला.

ब्राझीलमध्ये सोयाबीनसाठी विस्तीर्ण जंगले आणि सेरादो नावाचा गवताळ-झुडपी प्रदेश मोडला गेला. ओरड एवढी झाली की २००६ मध्ये अॅमेझॉनच्या नव्याने तोडलेल्या जंगलातील माल घ्यावयाचा नाही असे मोठ्या व्यापाऱ्यांना ठरवावे लागले. आपल्याकडे सोयाबीनसाठी अरण्ये पडली नाहीत, म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु तेथले नुकसान डोळ्यांना दिसणारे होते. आपले वाफशात, गोठ्यात आणि डाळीच्या डब्यात झालेले आहे. ते न दिसणारे म्हणून त्याची चर्चा कमी, एवढाच फरक.

मग करावे काय?

निर्यात बंद करा, हा काही उपाय नव्हे. बाहेरचे गिऱ्हाईक नाहीसे झाले तर भाव आणखी पडेल आणि मरेल तो शेतकरीच. आम्हांस सुचते ते इतकेच, की दूरच्या बाजाराला माल द्यावा, पण सारे घर त्याच्या स्वाधीन करू नये. यासाठी शेतकऱ्याच्या हातात असलेल्या चार-पाच गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट वाटणीची. सारे शेत सोयाबीनखाली न घालता त्यात तुरीचे आंतरपीक घ्यावे. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन, ही शिफारस विद्यापीठांनी पूर्वीपासून केलेली आहे. एकाचा भाव पडला किंवा पाऊस मध्येच तुटला तर दुसरे हाताशी असते. थोडी जागा ज्वारीला ठेवली तर कडबा घरचा होतो. दर वर्षी त्याच तुकड्यात सोयाबीन न लावता पिकाची जागा बदलावी.

दुसरी गोष्ट बियाण्याची. हे पीक स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून त्याचे बी घरी ठेवता येते, कपाशीच्या संकरित बियाण्यासारखे ते दर वर्षी विकत घ्यावे लागत नाही. हे स्वातंत्र्य मोठे आहे, पण त्याला जपणूक हवी. सोयाबीनचे साल फार नाजूक असते. मळणीयंत्र वेगाने फिरविले, पोती आपटली, थप्पी उंच रचली की अंकुर मरतो. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात बी उगवले नाही म्हणून केवढा आकांत झाला, हे पुष्कळांना आठवत असेल. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो बी पुरे, कमी उगवले तर त्या मानाने बी वाढवावे. पेरणीची घाई करू नये. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली भिजल्यावरच पाभर धरावी. रुंद वरंबा-सरीवर पेरले तर पावसाची ओढ आणि अतिवृष्टी दोन्ही पिकाला सोसतात.

तिसरी गोष्ट थांबण्याची. सोंगणीनंतर सर्वांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव सर्वांत कमी असतो. यासाठी बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना आहे. माल वखारीत ठेवून किमतीच्या पाऊणपट रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांपर्यंत मिळू शकते. पुढे भाव वाढेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, परंतु देणेकऱ्याच्या तगाद्याने विकावे लागणे आणि आपल्या मर्जीने विकणे यांत फरक आहे. मालातला ओलावा वाळवून उतरविला तर लिलावात कापणीही कमी होते.

चौथी गोष्ट आपल्या ताटाची. ती शेतकऱ्याइतकीच शहरात राहणाऱ्यांनाही लागू आहे. सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील काही द्रव्ये पचनाला बाधक असतात आणि ती शिजविल्याने वा भाजल्याने जातात. पण उकळून, वाळवून, दहा किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळले तर पोळीची चव बिघडत नाही आणि घरातल्या मुलांना प्रथिने मिळतात. मगनवाडीत जो प्रश्न विचारला गेला होता त्याचे उत्तर इतके सोपे आहे. ज्या जिल्ह्यांतून प्रथिनांची जहाजे भरली जातात त्याच जिल्ह्यांत कुपोषित मुले असावीत, ही आपल्या व्यवस्थेवरची मोठी टीका आहे.

शेवटची गोष्ट वहीची. पेरणीचा, फवारणीचा, मजुरीचा खर्च पुष्कळ जण लिहितात. त्याच वहीत एक पान वेगळे ठेवावे आणि त्यावर लिहावे: कडबा विकत घेतला तो किती, डाळ विकत आणली ती किती, खताची पोती मागील वर्षाहून वाढली ती किती, शेणखताच्या गाड्या कमी झाल्या त्या किती. हे पान विक्रीच्या पावतीशेजारी ठेवले म्हणजे पीक खरोखर किती परवडले ते कळेल. क्वचित असेही दिसेल की कमी भावाच्या पिकाने घराला अधिक दिले.

सरकारचीही काही कर्तव्ये आहेत, आणि नागरिक या नात्याने ती मागण्याचा आपणांस अधिकार आहे. हमीभाव जाहीर होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो ५,३२८ रुपये ठरला. पण खरेदीकेंद्र सोंगणीच्या आठवड्यात उघडले नाही तर तो कागदावरच राहतो. आयात-निर्यातीचे नियम पिकाच्या मध्येच बदलले तर शेतकऱ्याने कशाच्या आधारावर पेरावे? भुईमूग, तीळ, करडई, सूर्यफूल यांत खरोखर तेल आहे. त्यांना सोयाबीनइतकेच पाठबळ मिळाले तर तेलाची आयातही घटेल आणि गावच्या घाण्यालाही काम मिळेल.

येत्या मृगाला आपल्यापैकी कित्येकांच्या शेतांत पाभर चालेल. कपाशी ठेवावी की मका घ्यावा की सोयाबीनकडे वळावे, हे ज्याचे त्याने आपल्या जमिनीवरून, पाण्यावरून आणि घरातल्या हातांवरून ठरवावे. दुसऱ्याने ते ठरवू नये. मात्र ठरविताना केवळ गेल्या वर्षीच्या चढ्या भावाकडे पाहू नये. तो भाव कोठून आला, तो गेला तर घरात काय उरेल, आणि आपल्या शिवारातून पोत्याबरोबर काय काय बाहेर जाणार आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे समाधानकारक असली तर सोयाबीन खुशाल पेरावे. ते पीक वाईट नाही. उत्तरे नसली तर निदान निम्मे शेत तरी आपल्या ओळखीच्या पिकांसाठी राखावे.